मंगळा बोट

आमच्या हर्णैच्या घरात, माजघराच्या भिंतीवर घड्याळाशेजारी एक फोटो होता. काळी बसकी बोट, तिच्यावर दोन गोल डबे, खाली सायीसारखं सपाट पाणी आणि आभाळात उजवीकडे चंद्र. बोटीचं नाव ‘मंगळा’. आमचे खापरपणजोबा मुंबईच्या गोदीत लोहारकामाला होते, त्यांनी या बोटीवर काम केलं आणि पुढे ती बोट बुडाली, एवढी माहिती आम्हा भावंडांना पाढ्यांसारखी पाठ होती. आत्याचं नाव मंगला. ते या बोटीवरून ठेवलं, असं ती सासरीसुद्धा सांगायची.

दोन वर्षांपूर्वी घराला रंग काढायचं ठरलं, फ्रेम खाली उतरली आणि पहिली चूक माझ्या हातून झाली. मागच्या फळीचे खिळे गंजून बसले होते. ते उचकटून काढले, फळी सुटली, पण फोटो काचेला चिकटलेला. इतक्या पावसाळ्यांची ओल, दुसरं काय होणार? मी कोपरा धरून हलकेच ओढला. वाळकं पान फाटावं तसा बारीक आवाज आला आणि नखाएवढा तुकडा काचेवर राहिला. आत्या ओट्यावरून ओरडली, “बोटीला लागलं नाही ना?” बोटीला नव्हतं लागलं. आभाळाचा तुकडा होता तो.

मग तालुक्याच्या गावी एका फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ओल्या कापसाने पुसून घेऊ आणि लॅमिनेशन मारून टाकू, शंभर वर्षं हलणार नाही. मी ‘हो’ म्हणणारच होतो, पण तेवढ्यात त्याची वीज गेली. कोकणातल्या विजेचे माझ्यावर तसे फार उपकार नाहीत, हा एक आहे. लॅमिनेशन झालं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण तो प्लास्टिकचा पापुद्रा नंतर कोणालाही काढता येत नाही, आणि ओल्या कापसाने तर वरचा थरच निघून आला असता. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी वैतागून घरी आलो, एवढंच.

एका मित्राने मुंबईतल्या एका बाईंकडे पाठवलं. त्या जुन्या कागदांचं आणि फोटोंचं संवर्धन करतात. फोटो, काच, फळी, खिळे, सगळं एका साडीच्या खोक्यात घालून नेलं. बाईंनी बोटीकडे पाहिलंच नाही. भिंग लावून कागद पाहिला, तिरका उजेड टाकून पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, “हे अंड्याचं आहे.”

मी म्हटलं, काय?

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. फोटोच्या पृष्ठभागावर उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशा बारीक भेगा होत्या. हा आल्ब्युमेन प्रिंट, त्या म्हणाल्या. पातळ कागदावर अंड्याचा पांढरा बलक मीठ घालून लावायचा, वाळवायचा, मग चांदीच्या क्षाराच्या पाण्यावर तो कागद अलगद तरंगवायचा. काचेची निगेटिव्ह वर ठेवून उन्हात धरला की चित्र आपोआप उमटतं. १८५० च्या आसपास ही रीत निघाली आणि शतक संपेपर्यंत जगभर चालली. हा कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर वळकटी होते, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा. आमचा तसाच होता. मला मात्र आजी आठवत होती. चातुर्मासात घरात अंडं येऊ न देणारी आमची आजी रोज दुपारी त्याच फोटोखाली बसून तांदूळ निवडायची.

“आणि हा चंद्र?” मी विचारलं.

बाईंनी फळी उचलली, फोटोच्या मागे जशी होती तशी धरली आणि बोट ठेवलं. फळीत एक गाठ होती, आठ आण्याच्या नाण्याएवढी. लाकडातून आम्ल सुटत राहतं, गाठीत राळ असते, तिथे ते जास्त. एवढ्या वर्षांत ती गाठ पुठ्ठ्यातून पलीकडे उतरली होती आणि आभाळात तपकिरी गोल झाला होता. नीट पाहिलं तर फळीच्या रेषाही आभाळभर दिसत होत्या. लहानपणी आम्ही त्यांना ढग म्हणायचो. बाई म्हणाल्या, त्या काळच्या निगेटिव्हच्या काचांना निळा रंग पांढराच दिसायचा. त्यामुळे या फोटोंत आभाळ नेहमी कोरं असतं, ढग सहसा येत नाहीत. आमच्या घरी मात्र चंद्र उगवला होता, तोही देवदाराच्या फळीतून.

पुठ्ठ्याच्या मागे कोणीतरी कधीतरी वर्तमानपत्राचा कागद खळीने चिकटवला होता. तो सोडवायला वेळ लागेल, घाई करू नका, असं त्यांनी सांगितलं. तोवर स्कॅन घेऊन गेलात तरी चालेल.

ते स्कॅन मी घरी संगणकावर मोठं करून पाहिलं, आणि चाळीस वर्षं रोज पाहिलेला फोटो मी कधी पाहिलाच नव्हता असं झालं.

बोटीची बाजू पाण्यावर जेमतेम माणसाच्या मांडीएवढी वर होती. होडी वल्हवत आलं तर पाय उचलून सरळ डेकवर ठेवता यावा. मधोमध लोखंडी ओटा, त्या ओट्याच्या पुढच्या टोकाला एक डबा, मागच्या टोकाला एक. मध्ये एक धुरांडं, एक काठी. ओट्याच्या वर, डब्यांच्या डोक्यावरून जाणारा अरुंद पूल. दोन्ही डब्यांच्या भोकांतून तोफांची तोंडं बाहेर आली होती, पण इतकी थोडी की बिळातून उंदराने नाक काढावं. पुलावर एक माणूस, त्याला दोन डोकी. काच उघडी असताना बिचाऱ्याने मान वळवली असणार. बोटीला लागून एक मचवा, त्यात दोन माणसं उकिडवी बसलेली. आणि काठीपासून मागच्या डब्यापर्यंत दोरी बांधून त्यावर वाळत घातलेले कपडे. वाऱ्याने हलले म्हणून धुरकट दिसतात, पण सदरे कळतात. युद्धनौकेचा फोटो काढायला माणूस आला तरी कोणी धुणं उतरवलं नाही, हे मला फार आवडलं.

आता ही बोट कोणती? मी आधी अमेरिकेच्या वाटेला लागलो. गोल फिरणाऱ्या डब्यात तोफ घालायची कल्पना १८६२ च्या ‘मॉनिटर’ बोटीने जगभर गाजवली, अमेरिकेच्या यादवी युद्धात. मॉनिटरवर डबा एकच होता, पण पुढे दोन डब्यांच्याही बऱ्याच निघाल्या. त्यांचे फोटो पाहिले. जुळत नव्हतं. अमेरिकन बोटींचे डबे सरळ डेकवर बसवलेले, समुद्र जरा खवळला की लाट थेट डब्याच्या बुडाशी. आमच्या बोटीत डबे ओट्यावर होते. हा ओटाच महत्त्वाचा, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. ब्रिटिश आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांची ती युक्ती. बोट बसकीच ठेवायची, म्हणजे शत्रूला नेमाला कमी जागा मिळते, पण मधोमध चिलखती भिंतीचा ओटा उभारून डबे, धुरांडं आणि खाली उतरायच्या वाटा त्यात घ्यायच्या, म्हणजे पाणी आत जात नाही. शिडांचा पसारा नाही, त्यामुळे पुढचा डबा आणि मागचा डबा मिळून जवळजवळ चहूकडे मारा करू शकतो. पुढच्या काळातल्या युद्धनौका याच वळणाने गेल्या.

अशा बोटींत सगळ्यांत नावाजलेली ‘सर्बेरस’. जॅरोच्या गोदीत बांधली, १८६८ मध्ये पाण्यात सोडली, आणि ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीने मेलबर्नच्या रक्षणासाठी घेतली. तिचे फोटो पाहिले आणि मी खुर्चीतून उठलोच. तोच ओटा, तोच पूल, तेच उंदराचं नाक. आत्याला फोन केला, “तुझी बोट ऑस्ट्रेलियातली आहे.” ती म्हणाली, “पणजोबा कधी ऑस्ट्रेलियाला गेले? गोदीतून हर्णैला यायला त्यांना सुट्टी मिळत नव्हती.”

माझा भाचा मेलबर्नला असतो. सर्बेरस अजून तिथे आहे. १९२६ मध्ये तिला ब्लॅक रॉकजवळच्या हाफ मून बे या छोट्या खाडीत मुद्दाम बुडवली, लाटा अडवायला बंधारा म्हणून. भाचा रविवारी गेला आणि त्याने तिथून व्हिडिओ पाठवला. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर गंजलेलं धूड, दोन डबे अजून ओळखू येतात, वर समुद्रपक्षी. १९९३ मध्ये तिच्या खालच्या भागाने दम सोडला आणि ती खचली. त्यानंतर वजन कमी करायला तिच्या अठरा-अठरा टनांच्या चारही तोफा काढून शेजारी समुद्रतळावर ठेवल्या. भाच्याने फोनवर आमचा फोटो उघडून तो त्या धुडाच्या शेजारी धरला होता. “मामा, सेम आहे!” पाठीमागे कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

सेम होतं, पण आत्याचा मुद्दा राहिलाच होता. शिवाय तो मचवा. त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब झुकलेली, आपल्याकडे असते तशी. मी हर्णैचा आहे, मला मचवा कळतो.

म्हणून मग पार्श्वभूमीकडे वळलो. बोटीच्या मागे क्षितिजावर काहीच नव्हतं, नुसता कोरा कागद. बाईंनी सांगितलेली निळ्या रंगाची गोष्ट आठवली. लांबचे डोंगर निळसर असतात, म्हणजे ते या काचांवर आभाळात विरघळणार. संगणकावर तेवढाच पट्टा घेऊन काळं-पांढरं ताणत गेलो. आधी फळीच्या रेषा गडद झाल्या, उजवीकडे एका डोंगराची कड उमटली. मग, अगदी शेवटी, चंद्राच्या बऱ्याच खाली, ताटलीच्या कडेला पडलेल्या तीळासारखा एक उंचवटा दिसला आणि त्यावर उभा अंगठा.

कोकणातल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. पनवेलवरून गोवा रस्त्याला लागलं की डावीकडे दिसतो तो कर्नाळ्याचा सुळका. मुंबई बंदरात येणारे इंग्रज खलाशी त्या डोंगराला ‘फनेल हिल’ म्हणत, धुरांड्याचा डोंगर.

तरी खात्री करावी म्हणून ऑक्टोबरात, पाऊस नुकता गेलेला असताना, भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची सकाळची लाँच पकडली. छापलेला फोटो हातात. लाँच धक्क्यापासून सुटली, डावीकडे बुचर बेट आणि घारापुरी, उजवीकडे पुढे उरणचा डोंगर, मध्ये न्हावा-शेव्याच्या क्रेन जिराफांसारख्या रांगेत. त्या क्रेनच्या मागे मी डोळे फाडून पाहत होतो. शेजारी एक कोळीण रिकाम्या पाट्या एकात एक घालून बसली होती. “काय बगतो रं भाऊ?” मी म्हटलं, कर्नाळा. तिने मान न वळवताच हात केला, “त्यो काय. आज सपय दिसतंय.” दोन क्रेनच्या फटीत तो होता, निळ्यावर निळा. मी फोटो वर धरला. उरणचा डोंगर उजवीकडे, अंगठा त्याच्या डावीकडे. धक्क्याजवळ हे दोन्ही जसे दिसले तसेच फोटोत होते. लाँच मोऱ्याकडे सरकली तसा उरणचा डोंगर फुगत गेला आणि मेळ बिघडला. म्हणजे फोटोवाला माझगावच्या समोर कुठेतरी उभा होता. कोळणीने फोटो मागितला, पाहिला आणि मचव्यावर बोट ठेवून विचारलं, “ही कोनाची व्हरी?” बोटीविषयी तिने काही विचारलं नाही.

मधल्या काळात एका कचेरीचाही अनुभव घेतला. जुनी कागदपत्रं पाहायला मिळतील का, म्हणून अर्ज केला. विषयाच्या रकान्यात ‘युद्धनौका’ लिहिलं, ही माझी दुसरी चूक. समोरचे साहेब म्हणाले, संरक्षणाचा विषय आहे, वरून परवानगी आणा. मी म्हटलं, साहेब, ही बोट भंगारात जाऊन शंभर वर्षं झाली. ते म्हणाले, मग तर आणखीच अवघड, संबंधित खातं कुठलं ते ठरवावं लागेल. तिथे पुन्हा गेलो नाही.

छापील पुस्तकांतून मात्र हवं ते मिळालं. १८६३ मध्ये सरकारने हिंदुस्थानचं स्वतंत्र आरमार मोडीत काढलं. त्याच काळात अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाचा पैसा मुंबईत नुसता ओतत होता, आणि अशा बंदराच्या दाराशी राखणदार म्हणावी अशी चिलखती बोट नव्हती. मुंबई सरकारने मागणी लावली, आणि सर्बेरसच्या धर्तीवरच्या दोन बोटी थेम्सकाठी बांधल्या गेल्या. एक ‘अ‍ॅबिसिनिया’, डजन यांच्या गोदीत, जरा स्वस्तातली. दुसरी थेम्स आयर्नवर्क्सच्या ब्लॅकवॉलच्या गोदीत. दोन्ही १८७० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्यात उतरल्या. प्रत्येकीवर दोन डबे, चार तोफा, दहा इंची तोंडाच्या. गोळा तोंडातून भरायचा, एकेक गोळा दीड क्विंटलच्या वर. म्हणूनच तोफांची नळी आखूड. भरताना ती डब्याच्या आत ओढून घ्यावी लागे, लांब असती तर मावलीच नसती. १८९२ मध्ये या तोफा काढून मागून भरायच्या आठ इंची तोफा बसवल्या, त्यांची नळी लांब. आमच्या फोटोत उंदराचं नाक आहे, म्हणजे फोटो त्याआधीचा. अंड्याच्या कागदाशीही हे जुळतं.

एवढं झाल्यावर गाडी अडली. दोघींपैकी आमची कोणती? लांबी दोघींची सारखीच, २२५ फूट. रुंदीत तीन फुटांचा फरक, पण फोटो बाजूने काढलेला, त्यात रुंदी कुठून मोजणार? दोन रात्री पट्टी घेऊन डब्यांचे व्यास मोजले, हाती काही लागलं नाही. डोळे मात्र सुजले.

तिसऱ्या रात्री बायको झोपल्यावर दुसऱ्या बोटीचं नाव वहीत देवनागरीत लिहिलं, कारण इंग्रजी स्पेलिंग पाहून कंटाळा आला होता. ‘मॅगडाला’. मग गोदीतला लोहार ते कसं म्हणेल म्हणून हळूच म्हणून पाहिलं. मगडाला. मगडळा. आणि मी वही मिटली.

नाव घरात रोज घेतलं जात होतं. आत्याला हाक मारताना घेतलं जात होतं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी संवर्धन करणाऱ्या बाईंचा फोन आला. मागचा कागद सुटला होता. खाली पुठ्ठ्यावर शाईने मोडीत एक ओळ होती. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो, शब्दाशब्दांत जागा सोडत नाही. त्यामुळे मला ती ओळ बोरांच्या फांदीसारखी दिसली. पुण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांना फोटो पाठवला. मुद्दामच काही सांगितलं नाही. त्यांनी संध्याकाळी कळवलं: ‘मगडाला तोफेची बोट मुंबई बंदर’. त्याखाली कोपऱ्यात ‘१॥’. म्हणजे दीड रुपया. ते म्हणाले, “‘मगडाला’ हे काय आहे ते मला कळलं नाही. मोडीत अनुस्वार पुष्कळदा देत नाहीत, तेव्हा कदाचित ‘मंगडाला’ असेल.” अनुस्वार लोहाराने दिलेला नव्हता, तो पुढे आमच्या घरच्यांनी तोंडाने दिला.

दीड रुपया त्या काळी लोहाराला थोडा नव्हता. स्वतःचा फोटो काढून घ्यायचा सोडून त्याने बोटीचा विकत घेतला. त्या पुलावरच्या, मचव्यातल्या माणसांत ते आहेत का, म्हणून मी पुन्हा भिंग घेऊन बसलो. कोणाचाच चेहरा लागत नाही.

बुडाल्याचं म्हणाल तर मगडाला कधी बुडालीच नाही. लढलीसुद्धा नाही. इंग्लंडहून येताना तिला तात्पुरत्या तीन काठ्या लावून शिडांवर आणली. मुंबईत पोचल्यावर पुढची तीसेक वर्षं ती या बंदरातच होती. तोफांच्या सरावापुरती बाहेर जायची, आणि परत यायची. शत्रूवर एकही गोळा तिने टाकला नाही. १९०३ आणि १९०४ मध्ये दोघी बहिणी भंगारात विकल्या गेल्या. आमच्या घरच्या गोष्टीतली बुडालेली बोट बहुतेक ‘रामदास’. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना ती उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि कोकणातल्या ज्या त्या घरात त्यानंतर ‘बोट बुडाली’ हे वाक्य राहिलं. ते या फोटोलाही चिकटलं असावं. आजीच्या तोंडी दोन्ही बोटी एकाच वाक्यात यायच्या.

मला बोटीच्या या आळशी आयुष्याचं वाईट वाटत नाही. मे महिन्यात त्या लोखंडी ओट्याच्या पोटात बॉयलरपाशी उभ्या राहणाऱ्या आगवाल्यांचं वाटतं. डेक पाण्याबरोबर, म्हणजे खाली खिडकी ठेवायची सोय नाही. हवा यायची ती वरूनच. कपडे बाहेर वाळत घालणारे लोक स्वतःही शक्य तेवढा वेळ बाहेरच राहत असतील.

आता आत्याला सांगायचं होतं, आणि इथे माझे पाय जरा लटपटले. मगडाला हे नाव कुठल्या देवीचं नाही. इथिओपियात, म्हणजे तेव्हाच्या अ‍ॅबिसिनियात, एका डोंगरी किल्ल्याचं नाव मगडाला. तिथला राजा तेवोद्रोस याने काही युरोपीय लोकांना कैदेत ठेवलं, म्हणून १८६७-६८ मध्ये मोठी फौज गेली, ती मुंबईहून. तेरा हजार सैनिक, आणि तोफा वाहायला चव्वेचाळीस हत्ती, बोटींत घालून समुद्रापार नेले. सेनापती मुंबई फौजेचे नेपिअर. एप्रिल १८६८ मध्ये किल्ला पडला, राजाने स्वतःला गोळी घालून घेतली. त्या विजयाची आठवण म्हणून दोन वर्षांनी मुंबईच्या दोन बोटींना ही नावं दिली, एकीला देशाचं, एकीला किल्ल्याचं.

आत्या पंचाहत्तरीची. हर्णैला ओटीवर सुपारी कातरत तिने सगळं ऐकलं. हत्तींपाशी थांबवून विचारलं, “हत्ती बोटीत कसे चढवले?” पोटाखालून पट्टे घालून क्रेनने उचलतात, असं मी सांगितलं. राजाने गोळी घालून घेतली तिथे ती जरा गप्प झाली. शेवटी म्हणाली, “म्हणजे किल्ल्याचं नाव.”

“हो.”

तिने समोर पाहिलं. आमच्या ओटीवरून माडांच्या फटीतून सुवर्णदुर्ग दिसतो. “मग बरं आहे की,” ती म्हणाली, आणि सुपारी कातरायला लागली.

मूळ फोटो आता आम्ल नसलेल्या कागदाच्या खोक्यात, कपाटात, पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्यांसकट असतो. फळी वेगळी ठेवली आहे. काचेवर राहिलेला आभाळाचा तुकडा बाईंनी सोडवून जागेवर बसवला, सांधा भिंगाशिवाय दिसत नाही. भिंतीसाठी स्कॅनवरून नवी प्रत छापून घेतली. छापणारा मुलगा फार मन लावून काम करणारा. त्याने न सांगता सगळे डाग काढले, फळीच्या रेषा पुसल्या, आभाळ स्वच्छ केलं. कर्नाळाही गेला त्यात. मी फ्रेम घेऊन हर्णैला गेलो, खिळ्याला अडकवली. आत्या चष्मा लावून समोर उभी राहिली.

“चंद्र कुठे गेला?”

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फोन केला. त्याला वाटलं मी तक्रार करतोय. म्हटलं, तसं नाही रे, फक्त डाग परत घाल. सगळे.